इब्राहिम आतारची मैदानं

आता तुम्ही म्हणाल, बारामती-इंदापूरकडं बेसबॉल कुठला आला? ऊस म्हणा, डाळिंब म्हणा, फार तर कुस्ती म्हणा. तेच तर. बाहेरच्याला ते खरं वाटत नाही आणि इथल्याला त्याचं नवल वाटत नाही. कुठल्याशा खेळाच्या मास्तरानं कधीकाळी पोरांच्या हातात तो जाड लाकडी दांडका दिला, खेळाडूंना नोकरीत जागा असतात ही कुणकुण आईबापांच्या कानावर गेली, आणि बघता बघता कॉलेजा-कॉलेजांत टीम उभ्या राहिल्या. पोरांच्या आधी पोरी पुढं गेल्या, ते आणखी वेगळंच. पण माणसं मैदानावर काय खेळ बघायला जायची? छे. माणसं जायची इब्राहिम आतारला ऐकायला.

इब्राहिमचं शेळगावात दुकान. हळद-कुंकू, बुक्का, अगरबत्ती, काचेच्या बांगड्या आणि वरच्या फळीवर अत्तराच्या कुप्या. धंदा पिढीजात. बाप जत्रांमधून पाल टाकून गिऱ्हाईक बोलवायचा, त्याचाच गळा पोराला आला. तरणा असताना एका कुस्तीच्या फडात कुणीतरी गंमत म्हणून माईक हातात दिला आणि गड्यानं तो मग खाली म्हणून ठेवला नाही. फडात पैलवानाला पुकारताना बापाचं नि गावाचं नाव घ्यायची रीत आहे. इब्राहिमनं ती रीत उचलली आणि सरळ बेसबॉलात आणली. "सांगवीचे सोपानराव, त्यांची नात रोहिणी दांडका घेऊन हुबी ऱ्हातीया. टाळ्या कंजूषपणानं वाजवू नका मंडळी, फुकट हायती." असं पुकारलं की पार कडेला बसलेला सोपानराव डोक्यावरची टोपी नीट करायचा आणि नातीच्या आधी त्यालाच घाम फुटायचा.

खेळाचे नियम लोकांना कुठले ठाऊक? तेही इब्राहिमनंच सोपे करून टाकले. बेस म्हणजे उंबरा. "चार उंबरं हायती. पोरगी चारी उंबरं वलांडून घरी आली की एक रन. तिच्या आधी चेंडू दारात पोचला की पोरगी बाद. संपला खेळ, एवढंच हाय." एवढ्यावर म्हाताऱ्या बायांनाही सगळं कळायला लागलं. तिसऱ्या उंबऱ्यावर अडकलेल्या परक्या पोरीसाठी बाया पदर तोंडाला लावून बसायच्या. पुण्याहून आलेले अंपायर एकमेकांकडं बघून हसायचे, पण निकाल देताना एक कान इब्राहिमकडं असायचा.

आणि मैदानांचा तर तो भलता शौकीन. बाकीची माणसं कुठल्या हॉटेलात मिसळ चांगली मिळते ते सांगतात, हा मैदानांच्या चवी सांगायचा. दुकानात गिऱ्हाईक टेकलं की सुरू. सुप्याचं मैदान म्हणजे उघडा माळ. मुरमाची जमीन, सावलीच्या नावानं बोंब. पण थंडीत सकाळच्या मॅचला गेलं तर लांब कडेला चिंकारा हरणं येऊन उभी राहतात. "आपली माणसं खेळ सोडून तिकडंच बघत्यात," तो सांगायचा, "मग मलाबी दोन वाक्यं हरणांवर बोलावी लागत्यात." सांगवीचं मैदान उसाला खेटून. होमरन बसला की चेंडू फडात. मग शेताचा मालक स्वतः आत शिरणार, चेंडू हुडकून आणणार आणि सोबत उसाचं एक टिपरू. ते टिपरू मारणाऱ्या पोरीला द्यायचं असा तिथला शिरस्ता. तोवर खेळ बंद. खेळ बंद पडला की इब्राहिमला अधिकच चेव यायचा.

बारामतीचं मैदान सगळ्यांत देखणं. सिमेंटच्या पायऱ्या, हिरवळ, पाठीमागं उंच जाळी, दिव्यांचा धावफलक, फाटकाशीच गरम वड्यांचा गाडा. तिथं घरातल्या बायका-पोरांना घेऊन जावं, तो म्हणायचा, बसायला गैरसोय नाही. पण तिथला आवाज समोरच्या इमारतीवर आपटून माघारी येतो. "सोताचंच बोलणं सोताला ऐकू येतं. माणूस फुगतो अशानं." आणि लाडकं कुठलं म्हणाल तर शेळगावचं. गावचं म्हणून नव्हे, असं तो शपथेवर सांगायचा. एका अंगाला कॅनॉलचा भराव. माणसं उतरणीवर पाय सोडून बसतात, पुढच्याचं डोकं मागच्याला आडवं येत नाही. भरावावर चिंचेची जुनी झाडं, पाण्याची पाळी चालू असली की पाठीला गारवा. माईक चिंचेच्या खोडाशी लावला की पुटपुटलेलंसुद्धा पार तिसऱ्या उंबऱ्यापर्यंत जायचं. "हितं वरडावं लागत न्हाय. नुसतं बोललं तरी भागतं. असं मैदान नशिबात असावं लागतं."

ह्याच मैदानावर त्याची एकुलती एक लेक तमन्ना चेंडू फेकायला शिकली. पिचर झाली. अंगानं वाळकी, पण हात असा सुटायचा की समोरची पोरगी दांडका उचलेपर्यंत चेंडू मागं जाळीत. बापानं तिला कधी डोक्यावर घेतलं नाही. इतर पोरींना जेवढं कौतुक, तेवढंच तिला. एक शब्द जास्त नाही. उलट तिचा चेंडू वाकडा गेला की आधी त्याचा टोमणा तयार. घरी आल्यावर पोरगी फुरंगटून बसायची आणि शमशाद नवऱ्याला म्हणायची, "माईकवर न्यायाधीश हुता, निदान घरात तरी बाप व्हा." तो हसायचा. त्याचं सगळं कसं, माईक हातात असला की पोट भरल्यागत व्हायचं.

गणपतीच्या सुमारास त्याचा आवाज घोगरा झाला. झाला तर झाला. ज्येष्ठमध चघळला, मिठाच्या गुळण्या केल्या, शमशादनं हळद घालून दूध दिलं. बिडी तेवढी सुटली नाही. महिना गेला तरी घोगरेपणा जाईना, तेव्हा दुकानाचा माल आणायला म्हणून बारामतीला गेला आणि तसाच घशाच्या डॉक्टरणीकडं जाऊन आला. तिनं दुर्बीण घातली, तुकडा काढून तपासायला पाठवला. पुढच्या खेपेला त्याला समोर बसवून तिनं काही आडपडदा ठेवला नाही. "कॅन्सर आहे. स्वरयंत्रावर गाठ आहे, पण अजून लहान आहे. पुण्याला जाऊन रेडिएशनचा शेक घ्या, उशीर करू नका. शेक चालू असताना आवाज बसेल, नंतर बराचसा परत येईल. कुणी बरोबर आलंय का?"

"हाय की, भाईर बसल्यात," इब्राहिम म्हणाला. बाहेर कुणी नव्हतं.

एसटीच्या खिडकीला डोकं टेकवून तो घरी आला. डॉक्टरणीच्या एवढ्या बोलण्यातलं एकच त्याच्या डोक्यात बसलं होतं, आवाज बसेल. परत येईल हे ती धीर द्यायला म्हणाली, असं त्यानं ठरवून टाकलं. शेक घेतलेला एक माणूस त्यानं पाहिला होता, निमगावचा, त्याच्या तोंडून पुन्हा धड शब्द फुटला नव्हता. तो माणूस शेवटच्या घटकेला गेला होता, हे कोण ध्यानात घेणार? आणि विद्यापीठाच्या स्पर्धा तोंडावर आलेल्या. तमन्नाची टीम औंदा फायनल मारणार असं खेळाचे ज्ञानेश सर छातीठोक सांगत होते.

आमच्याकडं एक शब्द फार वाईट आहे. हंगाम. कारखान्याचं बॉयलर पेटलं की लग्नं थांबतात, घराचा स्लॅब थांबतो, मोतीबिंदू थांबतो. सगळं काय ते हंगाम झाल्यावर. माणसाचं दुखणं जणू मुकादमाच्या हाताखाली आहे, थांब म्हटलं की थांबतंय. इब्राहिमचा उसाशी काडीचा संबंध नव्हता, पण सवय हाडात मुरलेली. त्यानं मनाशी हिशेब केला, एवढा हंगाम बोलून घेऊ. फायनल झाली की दुसऱ्या दिवशी पुणे. घरी त्यानं शमशादला सांगितलं, "घशाला सूज हाय. गोळ्या दिल्यात."

शमशादनं विश्वास ठेवला. का ठेवू नये? एवढ्या वर्षांत तो तिच्याशी कधी खोटं बोलला नव्हता.

सुप्याला त्यानं गळ्याला मफलर गुंडाळून कॉमेंट्री केली. वारा त्याचा आवाज घेऊन जात होता म्हणून कुणाला काही वाटलं नाही. सांगवीला मधेमधे पाणी प्यावं लागलं. एक होमरन उसात गेला, मालक टिपरू घेऊन आला, आणि एरवी जिथं त्याची जीभ घोड्यावर बसायची तिथं तो दोन वाक्यं बोलून गप बसला. सोपानराव जवळ येऊन म्हणाला, "इब्राहिमभाई, आज काय उपास हाय का शब्दांचा?"

"फायनलसाठी राखून ठेवलाय आवाज, तात्या," इब्राहिम म्हणाला. बोलून झाल्यावर गिळताना कानापर्यंत कळ गेली. रात्री कुशीवर वळून तो उशी दाताखाली धरायचा. डॉक्टरणीच्या दवाखान्यातून फोन आला तो त्यानं उचलला नाही. पुन्हा आला, तोही नाही. देवानं माणसाला अक्कल दिली, पण ती वापरायला लागेल अशी जबरदस्ती केली नाही.

सेमीफायनल शेळगावला होती. भराव माणसांनी भरून गेलेला, कॅनॉलला पाणी सुटलेलं, चिंचेखाली बायांच्या घोळक्यात शमशाद. शेवटची इनिंग. तमन्नाची टीम एका रननं पुढं, समोरच्यांची एक पोरगी तिसऱ्या उंबऱ्यावर, आणि तमन्नाच्या हातात चेंडू. इब्राहिम माईक तोंडाशी धरून उभा राहिला. "मंडळी, पोरगी तिसऱ्या उंबऱ्यावर हाय, आता," एवढं तो बोलला आणि पुढं काही आलंच नाही. ओठ हलत होते. गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. भोंग्यातून नुसती खरखर.

"माईक गेला," भरावावरून कुणीतरी ओरडलं. "वायर बघा रं." माईकवाला मल्हार धावत आला, वायर हलवली, जोड दाबून बघितला, दुसरा माईक आणून इब्राहिमच्या हातात दिला. इब्राहिमनं तो घेतला. त्यातूनही खरखरच आली. मल्हारनं तो माईक स्वतःच्या तोंडाशी धरून "हॅलो, हॅलो" म्हटलं, तर आवाज खणखणीत. तेव्हा कुठं लोक माईककडं बघायचं सोडून माणसाकडं बघायला लागले.

मैदानात तमन्नानं तिसरा चेंडू टाकला, समोरचीचा दांडका तिसऱ्यांदा हवेत फिरला, पोरगी बाद, टीम फायनलला गेली. पोरींनी तिला उचलून घेतलं. ते कुणी पुकारलं नाही. इब्राहिम खोकत चिंचेच्या खोडाला टेकला, आणि शमशाद पोचली तेव्हा त्याच्या रुमालावर रक्त होतं.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात पोक्त डॉक्टर होते. त्यांनी आधीचे कागद मागितले. इब्राहिमला ते द्यावे लागले. डॉक्टरांनी ते बघितले, चष्मा काढला आणि शमशादकडं वळून म्हणाले, "यांना तेव्हाच सांगितलं होतं की. त्या वेळी शेकावर भागलं असतं, बाई. आवाजही राहिला असता. आता गाठ पसरलीय. अख्खं स्वरयंत्र काढावं लागेल. गळ्याला भोक राहील, त्यातनं श्वास घ्यायचा. बोलणं नाही."

आवाज वाचवायला म्हणून तो थांबला, आणि त्या थांबण्यानंच आवाज गेला. हे इब्राहिमला तिथल्या तिथं, त्या खुर्चीवर कळलं. चूक एवढी उघडी होती की ती कुणी बोट ठेवून दाखवायची गरज नव्हती, आणि आता ती दुरुस्त करायला जगात कुणाकडं काही नव्हतं.

शमशादनं आरडाओरडा केला नाही. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी ती खाटेशी बसली होती. इब्राहिमच्या घशातून फुसफुस तेवढी येत होती, तेही दुखून. ती म्हणाली, "तुमच्या आवाजातलं माझ्या वाट्याला शेवटचं काय आलं, ठाव हाय? घशाला सूज हाय. म्हंजे खोटं. सगळ्या तालुक्याला चांगलं चांगलं वाटलं, आणि मला हे." त्यानं तिचा हात धरायला हात पुढं केला. तिनं तो धरू दिला, पण तिनं स्वतः धरला नाही.

तमन्नानं फायनल खेळली नाही. ती दवाखान्याच्या जिन्यात बसून होती, आणि तिच्या टीमनं ती मॅच गमावली. म्हणजे ज्या फायनलसाठी हे सगळं केलं तीही हातची गेली. तेलही गेलं आणि तूपही गेलं, आपण म्हणतो ना. म्हणायला सोपं असतं.

माणूस वाचला. सगळे तेच म्हणत, जीव वाचला हे काय थोडं झालं. इब्राहिमला ते पटत नव्हतं. गळ्याच्या भोकावर पातळ रुमाल बांधून तो दुकानात बसायला लागला, आणि एके दिवशी गिऱ्हाईकाला दाखवायला म्हणून गुलाबाची कुपी उघडली तर त्याला काही कळेना. मोगऱ्याची उघडली, हिना उघडला. काहीच नाही. श्वास गळ्यातून जातो, नाकातून वारा फिरत नाही, त्यामुळं वास येत नाही, हे डॉक्टरांनी मागाहून सांगितलं. आतार असून त्याला अत्तराचा वास नाही. त्या दिवशी त्यानं कुप्या तशाच उघड्या ठेवल्या आणि दुकानाच्या मागं जाऊन बसला. रडू आलं तर त्यालाही आवाज नव्हता. नुसता रुमाल फडफडत होता.

माणसंही विचित्र. तो मुका झाला, तर त्याच्याशी मोठ्यानं बोलायला लागली, बहिऱ्याशी बोलावं तसं. त्यानं मोबाईलवर लिहून दाखवावं तर गिऱ्हाईकाला दम नाही, अर्धं वाचून "बरं बरं" म्हणणार. आधी दुकानापुढच्या ज्या फळकुटावर बसायला जागा मिळायची नाही ते रिकामं राहायला लागलं. दुकान शमशादच बघायची. ती त्याचं सगळं करायची, भोक साफ करायची, रुमाल उकळून वाळत घालायची, पण जेवताना समोर बसली तरी तिचं बोलणं पोरीशी असायचं. आपण मेलो असतो तर बरं झालं असतं, असं इब्राहिमला रोज वाटायचं. हे त्यानं कुठं लिहून दाखवलं नाही. दाखवायचं कुणाला?

पुढल्या हंगामात फायनल बारामतीला होती आणि तमन्नाचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. टीम पुन्हा फायनलला आली. ज्ञानेश सर स्वतः घरी आले. "इब्राहिममामा, तुम्ही काही करू नका. नुसतं येऊन बसा." तमन्ना उंबऱ्यात उभी होती. तिनं त्याचा धुतलेला सदरा आणून खुर्चीवर ठेवला. तो गेला.

मैदान होतं तसंच देखणं. हिरवळ कापलेली, गाड्यावर वडे तळत होते, ते दिसत होते, वास नव्हता. शमशाद बायांच्या बाजूला जाऊन बसली. इब्राहिम एकटाच वरच्या पायरीवर, जिथं त्याला ओळखणारं कुणी नव्हतं अशा जागी मुद्दाम बसला. भोंग्यावर कॉमेंट्री नव्हती. कुणीतरी मोबाईल जोडून गाणी लावली होती. मधेच गाणं थांबवून एक पोरगा धावसंख्या सांगायचा आणि पुन्हा गाणं. माणसं पायऱ्यांवर बसून आपापल्या फोनमध्ये बघत होती.

तमन्ना चेंडू टाकायला आली. एका वर्षात तिचा हात आणखी सुटला होता. पहिली पोरगी गेली, दुसरी गेली. तिसरीला तिनं असा चेंडू टाकला की तो हातातून कधी निघाला हेच दिसलं नाही. पायऱ्यांवरची माणसं फोन खाली ठेवून बघायला लागली. इब्राहिमच्या आत शब्द उठत होते, एकामागून एक, वर येत होते आणि गळ्यापाशी येऊन भोकातून नुसता वारा होऊन जात होते.

शेजारी नगरकडचा एक गृहस्थ बसला होता, समोरच्या टीममधल्या कुठल्याशा पोरीचा बाप असावा. तो पुढं वाकला, मांडीवर थाप मारली. "बाप रे, काय हात आहे. बाबा, ही चेंडू टाकणारी पोरगी कुणाची हो?"

इब्राहिमनं तोंड उघडलं. एवढं झालं तरी सवयीनं उघडलं. मग त्यानं हात उचलला आणि आपल्या छातीवर मारला. माणसाला कळेना. त्यानं पुन्हा मारला, जोरानं, पुन्हा मारला. डोळ्यांत पाणी आलं, गळ्यावरचा रुमाल आत-बाहेर व्हायला लागला. दुसऱ्या हातानं तो खिशातला मोबाईल चाचपत होता, तोवर तो गृहस्थ घाबरून उठला होता.

"छातीत दुखतंय का, बाबा? अहो, पाणी आणा कुणीतरी, यांच्या छातीत दुखतंय."

दोन-चार माणसं धावली. कुणी सदऱ्याचं बटण सोडलं, कुणी पुठ्ठ्यानं वारा घालायला लागलं. त्यांच्या पाठींनी मैदान झाकून गेलं. खाली टाळ्या पडल्या, मोठ्या टाळ्या, कशासाठी ते इब्राहिमला दिसलं नाही. त्या भल्या माणसानं बाटली त्याच्या ओठांना लावली, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "बोलू नका. अजिबात बोलू नका. प्या."

इब्राहिम पाणी प्यायला.